‘एक बास पुरे’ असे म्हणणाऱ्यांस

संगीताविषयी मनापासून आस्था बाळगणाऱ्या, आणि म्हणूनच ज्यांच्या मताची उपेक्षा करता येत नाही अशा काही मंडळींकडून बास गिटारींचा छंद असलेल्यांविरुद्ध जी फिर्याद वारंवार मांडली जाते, तिचा सारांश असा, की खऱ्या वादकास एक वाद्य पुरते. बोटांत जे नाही ते दुकानात मिळत नाही. आणि त्याच चार तारांच्या, त्याच स्वरांत जुळविलेल्या, सामान्य श्रोत्यास एकमेकींपासून वेगळ्या ओळखूही न येणाऱ्या पाच-सात गिटारी घरात बाळगणे हा हव्यास आहे, त्यास व्यासंग म्हणता येणार नाही. फिर्याद नेटकी आहे, तिच्यात नैतिकतेचा सूर आहे, आणि काटकसरीच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या मध्यमवर्गीय मनास ती ऐकताक्षणीच पटते. परंतु एखादे विधान चटकन पटणे आणि ते खरे असणे या दोन भिन्न गोष्टी असल्यामुळे तिची शहानिशा करणे प्राप्त आहे. आणि ती केल्यावर मला असे दिसते, की या फिर्यादीचा मुख्य साक्षीदारच तिच्या विरुद्ध साक्ष देतो.

तो साक्षीदार म्हणजे जेम्स जेमरसन. डेट्रॉइट शहरातील मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांवर 1960च्या दशकात ज्याच्या बासने आधुनिक लोकप्रिय संगीताची चाल बदलून टाकली, त्या या वादकाचे उदाहरण ‘एक बास पुरे’ या पक्षाचे लोक हटकून देतात. 1962 सालची एक फेंडर प्रिसिजन बास गिटार, तिच्यावर जाड, सपाट गुंडाळीच्या तारा, त्या तारा कधी बदलायच्या नाहीत, ब्रिजवरील झाकणाखाली स्पंजचा तुकडा, आणि उजव्या हाताची केवळ तर्जनी: इतक्या सामग्रीवर त्याने जे निर्माण केले ते पुढच्यांना शंभर वाद्यांनी साधले नाही, असा हा युक्तिवाद आहे. त्यातील तपशील खरे आहेत, पण ते अर्धेच सांगितले जातात. जेमरसन मुळात बास गिटार वाजविणारा नव्हता. तो जर्मन बनावटीचा, उभा राहून वाजवावयाचा भला थोरला डबल बास वाजवीत डेट्रॉइटच्या जॅझ मंडळींत वाढला, आणि मोटाउनच्या आरंभीच्या कित्येक ध्वनिमुद्रणांत त्याने तेच वाद्य वाजविले. विजेची गिटार हातात आली ती त्यानंतर. तीही प्रथम 1957 सालची, काळ्या रंगाची, एका सहकारी वादकाकडून मिळालेली प्रिसिजन, जी पुढे चोरीस गेली. 1962 सालच्या त्या प्रसिद्ध वाद्यापाशी तो येऊन थांबला, तो निरनिराळ्या वाद्यांच्या सहवासातून येऊन थांबला. त्याची ती स्थिरता शोध संपल्यानंतरची आहे, आणि जो शोधास अद्याप निघालेलाच नाही त्याच्यावर ती नियम म्हणून लादणे हा त्या थोर वादकावरही अन्याय आहे. शिवाय तो एकाच कंपनीच्या, एकाच शैलीच्या, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एकाच ध्वनिमुद्रणकक्षात वर्षानुवर्षे वाजवीत होता, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. या गिटारी एकसारख्याच असतात काय? लिओ फेंडरने कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे 1951 साली प्रिसिजन बास बाजारात आणला तेव्हा त्याच्यापुढे दोन व्यावहारिक अडचणी होत्या. डबल बास प्रवासात नेणे जिकिरीचे होते, आणि ध्वनिवर्धकावर वाजणाऱ्या इतर वाद्यांपुढे त्याचा आवाज बुडून जात असे. फेंडरने चौतीस इंच तारेचे, पडदे बसविलेले, गळ्यात अडकविता येणारे वाद्य दिले. 1957 साली त्याच वाद्यावर दोन तुकड्यांत विभागलेला, दोन-दोन तारांखाली बसणारा पिकअप, म्हणजे तारेचे कंपन टिपून ध्वनिवर्धकाकडे पाठविणारा भाग, आला. 1960 साली जॅझ बास आला, तो निमुळत्या नेकचा आणि दोन स्वतंत्र पिकअपांचा. या फरकांना बाह्य सजावट समजणाऱ्यांनी तार कशी कंप पावते याचा क्षणभर विचार करावा. छेडलेली तार एकाच वेळी मूळ स्वर आणि त्यावरील स्वरांश अशा अनेक कंपनांत विभागलेली असते. ब्रिजच्या निकट बसविलेला पिकअप वरच्या स्वरांशांना अधिक पकडतो, ब्रिजपासून दूरचा पिकअप मूळ स्वरास अधिक वाव देतो, आणि दोन्ही एकदम चालू केले असता काही स्वरांश परस्परांना उठाव देतात व काही परस्परांना मारतात. जर्मनीतील हॉफ्नर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बास तर आतून पोकळ, तीस इंच तारेचा, फेंडरच्या मानाने फारच हलका. त्याचा नाद उमलतो गोल आणि विझतो लवकर. पडदे काढून टाकलेल्या बासवर बोट थेट लाकडावर येते आणि स्वर मानवी कंठासारखा लांबविता, हेलकावता येतो. अमेरिकन बासवादक जॅको पॅस्टोरियसने 1962 सालच्या एका जॅझ बासचे पडदे उपटून, खाचा बुजवून, वर इपॉक्सीचा लेप देऊन जे केले ते पडद्यांच्या वाद्यावर कितीही साधना केली तरी होणारे नव्हते. बोटांतील कला दुकानात मिळत नाही हे मान्य. पण बोटांतील कलेला ज्या लाकडातून आणि तारेतून जावे लागते ते प्रत्येक वाद्यात वेगळे असते, हेही तितकेच मान्य करावे लागेल.

यावर एक प्रत्युत्तर ठरलेले आहे. हे भेद, म्हणे, वादकाच्या कानास कळतात. श्रोत्यास बास मुळी ऐकूच येत नाही. या आक्षेपास मी विशेष महत्त्व देतो, कारण तो ध्वनिशास्त्राच्या आधारे पूर्णपणे उलटविता येतो. बासची सर्वांत खर्जाची तार सेकंदास सुमारे 41 कंपने पावते. भ्रमणध्वनीच्या किंवा लहानशा रेडिओच्या ध्वनिक्षेपकातून इतका खालचा स्वर बाहेर पडतच नाही, आणि तरीही त्या यंत्रावर गाणे ऐकणाऱ्यास बासची ओळ कळते. कशी कळते? मूळ स्वर गैरहजर असला तरी त्याचे वरचे स्वरांश कानावर पडतात आणि मेंदू त्यांवरून गैरहजर स्वराची पुनर्रचना करून घेतो. म्हणजे आजच्या बहुसंख्य श्रोत्यांच्या कानापर्यंत जे पोहोचते ते बासचे स्वरांश. आणि पिकअपची जागा, तारेची लांबी, तारेची गुंडाळी, पोकळ वा भरीव अंग या साऱ्यांनी जो पालटतो तो याच स्वरांशांचा साचा. श्रोत्यास फरकाचे नाव सांगता येत नाही, त्याचा परिणाम मात्र त्याच्यावर होतोच.

संग्राहकाच्या असमाधानातून वाद्याचे काय होते याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे ‘द हू’ या इंग्लिश वाद्यवृंदाचा बासवादक जॉन एंटविसल. 1965 साली ‘माय जनरेशन’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याला हवा असलेला झणझणीत, तारेच्या धातूचा आवाज डॅनइलेक्ट्रो नावाच्या स्वस्त अमेरिकन बासवर सापडला. पण त्या बासच्या बारीक तारा तुटत, आणि सुट्या तारा इंग्लंडात मिळत नसल्यामुळे एक तार तुटली की तो आणखी एक अख्खा बास विकत आणी. असे तीन बास झाले. शेवटी कंटाळून त्याने ते गाणे फेंडर जॅझ बासवर वाजविले. आमच्या टीकाकारांनी हा प्रसंग त्या वेळी पाहिला असता तर ते त्या तरुणास उधळ्या ठरवून मोकळे झाले असते. परंतु जो माणूस एका तारेसाठी तीन वाद्ये घेतो त्याच्या कानात एक आवाज पक्का बसलेला असतो आणि त्याच्याशी तडजोड करण्यास तो तयार नसतो, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नसती. पुढच्याच वर्षी, 1966 साली, रोटोसाउंड या तारांच्या कारखान्याचे जेम्स हाउ यांच्याबरोबर बसून एंटविसलने गोल गुंडाळीच्या तारा सिद्ध करून घेतल्या, आणि त्या तारांनी बास गिटारीला जो लखलखीत आवाज दिला तो आज जगातील असंख्य वादकांच्या हाताखाली आहे. मुंबईत नवी बास घेणाऱ्या मुलास तारा अशाच बसवून मिळतात, मग त्यांमागील इतिहास त्याला ठाऊक असो वा नसो. याच एंटविसलने पाच प्रिसिजन गिटारींचे भाग एकत्र करून एक वाद्य जुळविले आणि ते वर्षानुवर्षे रंगमंचावर वाजविले. तो हाडाचा संग्राहक होता. 2002 साली त्याचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी सदबीजने लंडनमध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव केला, तेव्हा ‘बघा, शेवटी सारे विखुरलेच’ असे म्हणण्यात ज्यांना समाधान वाटते त्यांना मी एवढेच विचारतो, की वाद्ये विखुरली म्हणजे कोठे गेली? ती दुसऱ्या हातांत गेली, आणि वाद्याचे स्थान तेथेच आहे.

असमाधानाचे हे कार्य एंटविसलपुरतेच मर्यादित नाही. अँथनी जॅक्सन या न्यूयॉर्कच्या वादकास, जो स्वतः जेमरसनचा निस्सीम चाहता होता, चार तारांत आपले संगीत मावेना. त्याने 1975 साली कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून सहा तारांची बास करवून घेतली. जेमरसनची भक्ती करणारा हा माणूस जेमरसनच्या वाद्यावर थांबला नाही. ‘एक पुरे’ हे सूत्र त्याने शिरोधार्य मानले असते तर सहा तारांच्या बासवर पुढे जे संगीत निर्माण झाले त्याचा आरंभ निदान त्याच्या हातून तरी झाला नसता.

आणि ही बहुवाद्यता आपल्या रसिकांस परकी का वाटावी, हे मला कळत नाही. मैफलीस निघालेला तबलजी काळी एकचा, पांढरी चारचा असे निरनिराळ्या स्वरांचे तबले बरोबर घेतो आणि त्याला कोणी लोभी म्हणत नाही, कारण गायकाचा स्वर बदलला की तबला बदलावा लागतो हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. बासच्या बाबतीत तोच न्याय लावण्यास आपण कचरतो, याचे कारण एवढेच, की तिच्या नादातील भेद ऐकण्याची सवय आपल्या कानांस अजून झालेली नाही.

येथे माझे मुख्य प्रतिपादन येते. बास हे असे वाद्य आहे, की जे ऐकण्यास शिकावे लागते. गाण्यात कंठ आपोआप ऐकू येतो, बासरी वा सॅक्सोफोन आपोआप ऐकू येतो; बास मात्र अंगास जाणवते आणि कानाच्या मागे राहते. हा कान तयार होतो तो तुलनेने. तीच ओळ, त्याच बोटांनी, त्याच लयीत, दोन भिन्न गिटारींवर वाजवून पाहिल्याने. वाद्यांच्या दुकानात एखाद्या जाणत्या तरुणास बास निवडताना पाहावे. तो आधी ती ध्वनिवर्धकास जोडतच नाही. ती मांडीवर घेऊन, वरच्या शिंगाला कान टेकवून, खर्जाची तार मोकळी छेडतो आणि नाद लाकडात किती वेळ राहतो ते ऐकतो. मग पहिला आणि शेवटचा पडदा एकाच वेळी दाबून धरतो व मधल्या पडद्यांवर तार किती उचललेली आहे हे डोळा बारीक करून पाहतो. नेकच्या कडेवरून अंगठा फिरवून पडद्यांची टोके बोचतात का हे तपासतो. बसल्या जागी हात सोडून देऊन नेक खाली झुकते का हे पाहतो. हे ज्ञान त्यास पहिल्या बासने दिलेले नसते, ते दुसरीने आणि तिसरीने दिलेले असते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवेतील दमटपणाने लाकडी नेक वाकते, तारा वर येतात किंवा पडद्यांवर खडखडतात, आणि नेकमधील ट्रस रॉड ॲलन चावीने पाव वळसा फिरवून ती सरळ करावी लागते. एकच वाद्य बाळगणारा हे काम भीतीपोटी दुसऱ्यावर सोपवितो, तर छंदिष्ट ते स्वतः करतो आणि लाकडाचा स्वभाव शिकतो. ज्यास आपण हव्यास म्हणून हिणवितो त्याच्या पोटी हे सारे शिक्षण असते. अमेरिकन वादक वॉल्टर बेकर यांनी 1990च्या दशकात या छंदास विनोदाने विकाराचे नाव दिले, आणि तेव्हापासून लोकांनी तो विनोद गांभीर्याने निदान म्हणून स्वीकारला, ही खेदाची गोष्ट आहे.

छंदिष्टांचे दुसरे ऋण दप्तराचे आहे. कारखान्यातून हजारांनी बाहेर पडलेल्या या वाद्यांची नोंद प्रारंभीच्या काळात कोणी विद्वानाने ठेवली नाही; विद्यापीठांना ती बाजारू वाटली. कोणत्या वर्षी कोणता पिकअप, कोणत्या वर्षी कोणते लाकूड, अनुक्रमांक कोठे कोरलेला, हे सारे संकलित केले ते हौशी संग्राहकांनी. कॅनडाच्या ‘रश’ वाद्यवृंदातील गेडी ली याने 2018 साली प्रसिद्ध केलेला आपल्या संग्रहाचा सचित्र ग्रंथ अडीचशेहून अधिक वाद्यांचा दस्तऐवज आहे. आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की या माणसाने ज्या जॅझ बासवर आपले बहुतेक उत्तरायुष्य वाजविले ती त्याने कालामाझू गावातील एका गहाणवटीच्या दुकानातून उचलली होती. या दप्तराची किंमत 2024 साली साऱ्या जगाने पाहिली. ‘बीटल्स’ वाद्यवृंदाच्या पॉल मॅकार्टनीने 1961 साली हॅम्बुर्गमध्ये सुमारे तीस पौंडांस घेतलेली हॉफ्नर बास 1972 साली लंडनच्या नॉटिंग हिल भागात गाडीतून चोरीस गेली होती. तिचा शोध घेतला तो हॉफ्नरच्या वाद्यांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या एका जाणकाराने आणि त्याला येऊन मिळालेल्या दोघा पत्रकारांनी. त्या बासचे दोन्ही पिकअप नेकजवळ एकमेकांस खेटून बसविलेले आहेत, मॅकार्टनीच्या नंतरच्या हॉफ्नरवर ते दूर दूर आहेत, अशा खुणा ज्यांच्या तोंडी होत्या त्यांच्यामुळेच अर्धशतकाने वाद्य मालकाकडे परतले. याउलट जेमरसनची ती 1962ची प्रिसिजन 1983 साली, त्याच्या मृत्यूच्या थोडेच दिवस आधी, चोरीस गेली आणि आजतागायत सापडली नाही. मोटाउनने तर 1971 पर्यंत आपल्या तबकड्यांवर साथीदार वादकांची नावेही छापली नव्हती.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र मी मान्य करतो, आणि तो संकोच न करता मान्य करतो. 1965 साली लिओ फेंडरने आपली कंपनी सीबीएस या बड्या कंपनीला 1 कोटी 30 लाख डॉलरांस विकली, आणि त्याआधीची वाद्ये तेवढी अस्सल, नंतरची हिणकस, अशी जी समजूत पसरली तिच्यामुळे जुन्या बासच्या किमती सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर गेल्या. अशी वाद्ये भांडवल म्हणून विकत घेऊन, तारा सैल करून, बंद पेटीत ठेवणाऱ्यांचा मी पक्ष घेत नाही. नवी गिटार कारखान्यातच खरवडून, तिचा रंग उडवून, दुसऱ्याच्या घामाचा भास विकणाऱ्या व्यापाराचाही घेत नाही. परंतु सट्टेबाजाच्या अपराधाबद्दल छंदिष्टास शिक्षा देणे हा कोणत्या न्यायाचा फैसला? ज्याच्या घरातील सहाही बास सुरात जुळविलेल्या आहेत आणि आलटून पालटून वाजतात, तो आणि तिजोरीत वाद्ये कोंडणारा मालक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. लाकडाचा प्रश्न उपस्थित करणाऱ्यांना तर छंदिष्ट हा मित्र वाटला पाहिजे. ब्राझीलच्या शिसवीचा व्यापार 1992 पासून आंतरराष्ट्रीय कराराने जवळजवळ बंद आहे, 2017 पासून शिसवीच्या साऱ्या कुळावरच निर्बंध आले, आणि त्या कुळात आपल्या सह्याद्रीतील शिसवही येते, जिच्या फळ्या परदेशी गिटारींच्या नेकवर बसतात. जुनी बास दुरुस्त करून वाजविणारा प्रत्येक माणूस नव्या झाडावरची एक कुऱ्हाड टाळीत असतो.

या वादात मुंबईच्या आणि गोव्याच्या घरांचा एक वेगळा संबंध आहे, म्हणून शेवटी त्यांच्याकडे वळतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बास गिटार रुळली ती मोठ्या प्रमाणात गोव्याच्या व मुंबईच्या वादकांमुळे. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातील टोनी वाझ यांची बास ज्यांनी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा, जरी त्यांचे नाव ठाऊक असलेला त्याहून विरळा. आयातीवर परवान्यांचे आणि जकातीचे कडक निर्बंध असलेल्या त्या दशकांत परदेशी वाद्य हाती येणे हीच मोठी गोष्ट होती, आणि जी वाद्ये आली ती वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रणकक्षांतून झिजली. आज मोहिनी डे हिच्यासारखी मुंबईची बासवादक जगभर वाजवते आहे, पण तिच्याआधीच्या पिढ्यांची वाद्ये कोठे आहेत, त्यांवर कोणती गाणी वाजली, याचे दप्तर आपल्याकडे नाही. तेव्हा गिरगाव, वांद्रे, मडगाव, म्हापसे येथील ज्या घरांत वडिलांची वा आजोबांची एखादी बास गिटार माळ्यावर पडून असेल, त्या घरच्या मंडळींना माझी विनंती आहे, की ती भंगारवाल्यास देऊ नका. तिच्या हेडस्टॉकवरील नाव व अनुक्रमांक उतरून घ्या, ती कोणी आणि कोठे वाजविली हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा, गंजलेल्या तारा काढून नव्या चढवा, आणि घरात वाजविणारे कोणी नसेल तर ज्याच्याकडे आधीच चार बास आहेत अशा एखाद्या छंदिष्टाच्या हाती ती द्या. तो ती वाजवील.